गाऱ्हाण्यातून गळलेलं नाव

मी एक जुना पाण्याचा जग आहे. निळं अंग, पांढरं झाकण, खाली तोटी आणि वर धरायला कडी. बर्फ घाला, पाणी भरा, झाकण आवळा आणि संध्याकाळपर्यंत गार पाणी प्या, एवढाच माझा धंदा. पण मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माणसांवर माझा फारसा भरवसा नाही. भरतो कोण आणि नुसता पितो कोण, हे माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. माझ्या हिशेबात पिणारे नेहमीच जास्त निघाले.

माझा जन्म वसईकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी लालबागच्या एका दुकानात आलो आणि बाहेर टांगला गेलो. कौसल्याबाई मला घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी दुकानदाराला आधी माझ्यात पाणी भरायला लावलं आणि तोटीखाली हात धरून उभ्या राहिल्या.

दुकानदार म्हणाला, "मावशी, नवा माल आहे. गळेल कसा?"

"नवो आसा म्हणान तर बघतंय," त्या म्हणाल्या. "जुन्याची खोड म्हायत तरी आसता."

मी गळलो नाही. तरीही त्यांनी तळ पुसून बोट कोरडं आहे का ते पाहिलं. मला ही बाई तिथेच आवडली.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. शाळांना सुट्टी लागली की हे कुटुंब गावी, मालवणच्या बाजूला निघायचं. आधी एसटीने, पुढे कोकण रेल्वेने. पायाशी मी. वाटेत अनोळखी माणसंही पेला पुढे करायची आणि म्हणायची, "वा, काय गार आहे." चाळीत लग्न असो, साखरपुडा असो, "कौसल्याकाकी, जग द्या ना जरा," असा निरोप ठरलेला. नेताना गोड बोलायचे, परत आणून देताना झाकण विसरायचे. अशी कितीतरी माणसं मी मनात नोंदवून ठेवली आहेत.

मग घरात मोठा फ्रीज आला. माझ्या तोटीतला वायसर झिजला, थेंब गळू लागले. एके दिवशी विकासने मला उचलून माळ्यावर ठेवलं. विकास म्हणजे कौसल्याबाईंचा मुलगा. "बघू नंतर," असं तो म्हणाला. माणसांचं 'नंतर' मी ओळखून आहे. गणपतीच्या आधी कौसल्याबाई मला फडक्याने पुसायच्या, तेवढाच काय तो माणसाचा हात. माळ्याचा पडदा मात्र एका बाजूने फाटलेला होता. लालबागच्या त्या खोलीत खाली काय चाललंय ते मला सगळं दिसत असे.

यंदा काहीतरी वेगळं शिजत होतं.

विकासने जुनी पण ऐटबाज मोटार घेतली होती. त्याची मुलगी आकांक्षा कॉलेजात जाते. तिने एका रविवारी टीव्हीवर नकाशा लावला आणि जाहीर केलं, "या मे महिन्यात गाव नाही. रोड ट्रिप. इथून उदयपूर, मग रणथंबोरचं जंगल, मग कॉर्बेट, आणि शेवटी वर डोंगरात. भीमताल, सातताल, नैनिताल."

"आणि गावच्या फणसांचा काय?" नानांनी विचारलं. नाना म्हणजे कौसल्याबाईंचे यजमान. गिरणीतून निवृत्त झालेले, पण आवाज अजून सांच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटावर ओरडल्यासारखा.

"फणस कुठे पळून जातायत, नाना? वाघ बघा की यंदा."

"वाघ माका बघूक ईलो तर?"

सगळे हसले. विकासची बायको माया भाजी निवडत म्हणाली, "नाना, वाघालाही निवड असते हो."

मग आकांक्षाने आजीला विचारलं, "आजी, तुला काय बघायचंय?"

लालबाग आणि गाव, या दोहोंच्या मध्ये जो रस्ता आहे तो सोडून दुसऱ्या रस्त्याने कौसल्याबाई कधी गेल्या नव्हत्या. परळचं हॉस्पिटल धरलं तर गोष्ट वेगळी. त्या म्हणाल्या, "आमच्या गावात डोंगरार पडलेला पाणी खाली धावता. ह्यो डोंगर तळा डोक्यार घेवन कसो बसता, ता माका एकदा बघूचा आसा."

कुणी हसलं नाही. पण त्या वेळी नानांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता. मी ते लक्षात ठेवलं.

चारच दिवसांत घराची हवा बदलली. कौसल्याबाई मोरीतून बाहेर आल्या की बोलणं तुटायचं. विकास उगाच पंख्याकडे बघायचा. एकदा तो म्हणाला, "आई, तिथे उंचावर हवा विरळ असते. लोकांना दम लागतो."

"लोकांका लागता ना," त्या म्हणाल्या. "मी चार जिने चढतंय रोज."

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सुभद्रामावशी विचारत होती तुला. भोईवाड्याला जाऊन राहा की थोडे दिवस तिच्याकडे."

"कधी?"

"असंच. मे महिन्यात."

तांदूळ निवडताना कौसल्याबाईंची बोटं थांबली. मला समजलं, यांना मागे ठेवायचं घाटतंय. आणि माझ्याप्रमाणेच त्यांनाही ते समजलं. प्रश्न एवढाच होता, की नाव कापलं कुणी.

त्यांचा संशय थेट मायावर गेला. त्याला कारणही होतं. माया परळच्या एका दवाखान्यात नावनोंदणीच्या टेबलावर काम करते. ती सासूला तिथे घेऊन गेली, छाती तपासून आणली, रक्त तपासून आणलं. त्या दुपारी शेजारच्या कांताबाई दारात बसल्या होत्या. त्यांच्याजवळ कौसल्याबाई म्हणाल्या, "आजार शोधूक नेल्यान माका. गावलो की म्हणतली, आई, तुमी ऱ्हवा."

मी मात्र गोंधळलो. कारण त्याच संध्याकाळी मायाला विकासशी बोलताना मी ऐकलं होतं. "रिपोर्ट अगदी चांगला आहे. डॉक्टर म्हणाले, फक्त चढताना घाई नको. आता तरी आईंना सांग ना सरळ, की चला म्हणून." आणि विकास म्हणाला होता, "तू नको पडू यात. मी बघतो." म्हणजे माया तर त्यांना न्यायच्या बाजूची होती. तरी नाव मात्र गळलेलंच. मग काढलं कुणी? विकासने? पण तो बोलताना असा दिसायचा, जणू दुसऱ्याचा निरोप घेऊन आलाय आणि कधी एकदा टाकून मोकळा होतोय. मी घरातल्या प्रत्येकाकडे वाईट नजरेने बघू लागलो. आकांक्षाकडेसुद्धा, ती बिचारी दिवसभर हॉटेलांची चित्रं बघत होती.

मित्रांनो, आता तुम्हाला एक रीत सांगितली पाहिजे. मालवणकडची माणसं लांबच्या प्रवासाला निघण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. नारळ ठेवायचा, घरातल्या वडीलधाऱ्याने हात जोडून देवाशी मोठ्याने बोलायचं, कुठे निघालो, कोण कोण निघालो, ते नावानिशी सांगायचं आणि राखण कर म्हणायचं. प्रत्येक वाक्यामागे जमलेल्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सगळ्यांचा होकार पडल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. आणि देवापुढे खोटं चालत नाही, असं ही माणसं मानतात. निदान मोठ्याने तरी नाही.

निघण्याच्या आदल्या रविवारी सकाळी देव्हाऱ्यापुढे नारळ मांडला. होकाराला वजन हवं म्हणून पलीकडच्या खोलीतले कोंडीराम आले. ते नानांच्याच गावचे, त्याच गिरणीतले आणि नानांना टोमणा मारायची एकही संधी न सोडणारे.

नानांनी खाकरून सुरुवात केली. "बा देवा रवळनाथा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आता तुझी लेकरां दूर मुलखाक जातत. जंगल बघूक, डोंगरातली तळी बघूक."

"व्हय म्हाराजा."

"माझो झील विकास, सून माया आणि नात आकांक्षा, ह्या तिघांची वाटेत राखण कर, गाडयेक अपघात होव दी नको म्हाराजा."

"व्हय म्हा..." आणि आवाज मधेच विस्कटला. कारण कौसल्याबाईंचा आवाज त्यात नव्हता.

नाना थांबले. कोंडीराम म्हणाले, "वयनी, व्हय म्हणा. गाऱ्हाणा अडला."

"माझा नाव देवाक सांगूक नाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग मी व्हय कित्याक म्हणू?"

कौसल्याबाई सुनेकडे वळल्या. "माये, तुका मी नको होतंय तर तोंडार सांगूचा. दवाखानो कित्याक दाखवलंस?"

मायाचा चेहरा उतरला. "आई, मी तुम्हाला न्यायचं म्हणून दाखवलं. रिपोर्ट चांगला आलाय. मी यांना रोज सांगतेय, आईंना घ्या म्हणून."

सगळे विकासकडे बघू लागले. विकास म्हणाला, "मला नानांनी सांगितलं. तुझ्या आईला झेपणार नाही, तिला मागे ठेव, आणि तिला कळू देऊ नकोस. मला वाटलं, त्यांना काहीतरी माहीत असेल." मग तो थबकला. "आणि नाना, आत्ता तुम्ही तुमचंही नाव घेतलं नाहीत. तुमची तर सीट ठरलीय."

नाना नारळाकडे बघत राहिले. कोंडीरामांच्या मिशीखाली मात्र हसू फुटत होतं.

"सांगतास की मी सांगू?" ते म्हणाले. "कशेडीचो घाट लागलो की एसटीत टॉवेल तोंडार घेवन झोपेचा सोंग कोण करी? आमी म्हणू, नाना दमले. दमले खंयचे."

नाना देव्हाऱ्यासमोर होते आणि गाऱ्हाणं अर्ध्यावर होतं. त्यांना दुसरी वाट नव्हती. ते हळूच म्हणाले, "घाट दिसलो की माझे पाय गळतत. तरण्यापणापासून. पोरांच्या पुढ्यात कसा सांगू? म्हटलंय, ही मागे ऱ्हवली तर हिच्या सोबतीक म्हणान मी पण ऱ्हवान. माझा नाव खराब होवचा नाय."

"म्हणजे भियाचा तुमी," कौसल्याबाई म्हणाल्या, "आणि दम लागाचो माका."

आकांक्षाने तोंडावर हात ठेवला. माया स्वयंपाकघराकडे वळली, बहुधा हसू लपवायला.

कौसल्याबाईंनी पदर सावरला, नवऱ्याला हाताने बाजूला सरकवलं आणि स्वतः नारळापुढे उभ्या राहिल्या. कोंडीराम म्हणाले, "वयनी, गाऱ्हाणा पुरुषान घालूचा आसता."

"पुरुषान घातलेला बघलंव ना आताच," त्या म्हणाल्या आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा. विकास, माया, आकांक्षा आणि मी कौसल्या, आमी जातंव. आमची राखण कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझ्या सुनेर मी उगाच संशय घेतलंय, तो पोटात घाल म्हाराजा."

मायाचा आवाज जरा उशिरा आला, पण आला. "व्हय म्हाराजा."

"आणि आमच्या ह्यांका पण घेवन जातंव. घाटात मी तेंचो हात धरतलंय. तेंका डोळे उघडे ठेवची बुद्धी दी म्हाराजा."

आता सगळे नानांकडे बघत होते. होकार त्यांचाही हवा होता. नानांनी डोळे मिटले, मग चटकन उघडले आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणाले, "व्हय म्हाराजा."

गाऱ्हाणं पुरं झालं, नारळ फुटला.

त्याच दुपारी मला माळ्यावरून उतरवलं गेलं. विकास बाजारातून नवा वायसर घेऊन आला. कौसल्याबाईंनी मला काठोकाठ भरलं, मोरीच्या कठड्यावर ठेवलं आणि तोटीखाली हात धरून उभ्या राहिल्या. अजून गळतोय का, ते त्या बघतायत. खोटं कशाला सांगू, मी जीव मुठीत धरून बसलोय. आकांक्षा म्हणतेय की गाडीत बाटल्या पुष्कळ आहेत. माया म्हणतेय, आईंना विचार. बघू काय ठरतं ते.

पण मित्रांनो, तुमच्या घरी जेव्हा सहल ठरेल आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाला, किंवा माझ्यासारख्या जुन्या वस्तूला, वगळायचं चाललं असेल, तेव्हा एवढं करा. त्याच्या काळजीचं निमित्त पुढे करू नका आणि आतल्या खोलीत कुजबुजू नका. त्याला समोर बसवा आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणा, "तुला आम्ही नेणार नाही." म्हणता आलं, तर खुशाल ठेवून जा. बहुतेकांना ते म्हणता येत नाही, असं माझ्या पाहण्यात आहे.