इनटू की आउट ऑफ

"'शी टॉक्ड मी इनटू डोनेटिंग.' म्हण पुन्हा," नणंदबाई म्हणाल्या आणि उशी सारखी करण्याच्या निमित्ताने त्यांनी पाठ वळवली.

स्टुलावर बसलेल्या भावजयीने वाक्य घोकलं. तिची किडनी नणंदबाईंना द्यायची होती आणि उद्या परवानगीसाठी दोघींना हॉस्पिटलच्या समितीपुढे जायचं होतं. समितीच्या प्रमुख डॉक्टरीणबाई परदेशी, त्यामुळे बोलणं इंग्रजीत. नणंदबाईंचा जन्म शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेलेला.

"म्हणजे तुम्ही मला 'देऊ नको' म्हणून समजावत होतात, असंच ना वन्सं?"

"असंच."

"मग 'टू डोनेट' का नाही?"

"ते पर्स्वेडला चालतं. टॉकला आधी इनटू किंवा आउट ऑफ लागतं, मग क्रियापदाला आयएनजी."

एवढं मात्र त्या खरं बोलल्या. इनटू म्हणजे गळी उतरवणं, आउट ऑफ म्हणजे परावृत्त करणं. इनटू ऐकलं की समितीला वाटणार, नणंदेनेच हिला भरीस घातलं, आणि परवानगी मिळणार नाही. दोन शाळकरी मुलींच्या आईने आपल्यापायी पोट चिरून घ्यावं, हे त्यांना सोसवत नव्हतं. समजावून झालं, रागावून झालं, अबोला धरून झाला. ही बधेना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुणी दबाव आणला का? नणंदबाईंची नजर जमिनीवर खिळली.

"नो," भावजय म्हणाली. "शी ट्राइड टू टॉक मी आउट ऑफ डोनेटिंग. एव्हरी डे!"

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. आणखी चार प्रश्न झाले आणि परवानगी मिळाली.

बाहेर येताच नणंदबाई बाकावर टेकल्या.

"कुणी सांगितलं तुला?"

"थोरलीने. तिला इंग्रजी तुम्हीच शिकवलंत ना!"

"मग रागावली नाहीस माझ्यावर?"

"रागावले की. म्हणून तर शेवटी 'एव्हरी डे' जोडलं."

नणंदबाईंना हसू फुटलं आणि त्यातच डोळे भरून आले. त्यांनी भावजयीचा हात दोन्ही हातांत धरला.

"थँक यू फॉर..." त्या थांबल्या. फॉरनंतर आयएनजी, इतकं ठाऊक होतं. क्रियापदच सुचेना.

 भावजयीने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं.

"राहू द्या वन्सं. चला, लिफ्ट आली."