रांजणाची ऊब

"अजून एक पीळ द्या खंडोजीराव, पाणी येतंय," गौराबाई म्हणाल्या.

"पाणी आभाळातनं येतंय की. चादरीतनं कुठलं?" खंडोजीराव म्हणाले, पण त्यांनी पीळ दिला. ते हॉस्पिटलच्या फाटकावरचे पहारेकरी. परवा झाड पडून फाटकच आडवं झालं, तेव्हापासून त्यांना राखायला काही उरलं नव्हतं. म्हणून ते धुलाईच्या शेडमध्ये गौराबाईंच्या हाताखाली आले होते.

मद्रासच्या किनाऱ्यावर वादळ चढलं आणि म्हैसूरला त्याचं शेपूट लागलं, त्याचा हा तिसरा दिवस. मार्गशीर्षातला पाऊस, आणि वारा असा की शेडमागच्या वाळवणाच्या तारा पहिल्याच सकाळी तुटल्या. नऊ चादरी उडून समोरच्या झाडावर जाऊन बसल्या त्या अजून तिथेच होत्या. वीज नव्हती. म्हैसूर राज्याचं नाव बदलून वर्ष होऊन गेलं होतं, तरी चादरींच्या कोपऱ्यावर जुन्याच नावाचा शिक्का होता. बायकांचं हॉस्पिटल ते, तिथे कपडा कितीही आला तरी कमीच पडायचा.

ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर वनजा मोडलेली छत्री घेऊन शेडमध्ये आल्या.

"गौरक्का, कोरडं किती आहे?"

"सहा टॉवेल, दोन गाउन. चादर एकही नाही."

"स्वयंपाकघरात टाकलेल्या?"

"त्यांचं काय विचारता. ओली लाकडं. चार चादरी धुरानं काळ्या झाल्या, त्या परत धुतल्यात."

सिस्टर वनजा बाकावर टेकल्या. एच. डी. कोटे गावाहून एका बाईला आणलं होतं. टेम्पोतून, वाटेत तीन ठिकाणी पडलेली झाडं तोडत. कालपासून कळा, बाळ आडवं. दुसऱ्या हॉस्पिटलात न्यायचं तर रस्ते बंद. डॉक्टर जयलक्ष्मींनी सांगितलं होतं, चारच्या आत पोट उघडायला हवं, नाहीतर दोघंही जातील.

"स्टोव्हवर वाफेचा ड्रम तापवता येईल," सिस्टर म्हणाल्या. "पण ओलं कापड घातलं तर जंतू मरत नाहीत. तीन वाजता मला चाळीस कपडे कोरडे हवेत. ठणठणीत कोरडे."

"गावातनं घरोघरच्या चादरी मागून आणू?" खंडोजीरावांनी विचारलं.

"त्या आधी उकळून धुवायच्या. मग वाळवायच्या कुठे?"

गौराबाईंनी हातातली चादर बाजूला ठेवली. भर पावसात कापड वाळवणारं एक घर या शहरात होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्या घरात त्या लग्न होऊन गेल्या होत्या. बारा वर्षांत तिथे त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

"खंडोजीराव, हातगाडी चालू आहे का?"

"चाक कुरकुरतंय, पण चालतंय. कुठं जायचं?"

"माझ्या सासरी."

खंडोजीरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. "अशा हवेत माहेरी सुद्धा कुणी जात नाही, गौराबाई."

"चला तर खरं."

पिळलेल्या चादरी आणि गाउन त्यांनी मेणकापडात बांधले. नजरबादच्या रस्त्यावर फांद्यांचा खच होता. खंडोजीराव ओढत होते, गौराबाई मागून ढकलत होत्या, आणि वारा आला की दोघं गाडीवर ओणवे होऊन तिला दाबून धरत होते.

रंगाऱ्यांच्या गल्लीत एके काळी अकरा घरांत निळीचे रांजण होते. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले, माणूस आत उभा राहील एवढे. नीळ, चुना, गूळ आणि शिजवलेलं टाकळ्याचं बी घालून ते आंबवायचे. आंबलेला रांजण जिवंत, असं रंगारी म्हणत. त्याला रोज ढवळायचं, खायला घालायचं, ऊब द्यायची. तो जगला तर वर्षानुवर्षं जगे. आणि विटाळाची, सुतकाची, बाळंतपणाच्या सुवेराची सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही.

त्यातलं एक घर गुंडुरावांचं; गौराबाईंचे यजमान नागेंद्र त्यांचे धाकटे भाऊ. लग्नानंतर पाच वर्षांनी गौराबाईंनी हॉस्पिटलातली नोकरी धरली. बाळंतिणींचे कपडे धुवायची नोकरी. गल्लीला ते आवडलं नाही, पण नागेंद्र म्हणाले, हात आपले आहेत, साबण सरकारचा आहे. मग एका थंडीत त्या ड्यूटीवरून परस्पर रांजणाच्या खोलीत शिरल्या, नवऱ्याला जेवायला बोलवायला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी रांजण मेला. गुंडुराव सगळ्या गल्लीसमोर म्हणाले, "हिच्या हाताचं रक्त लागलं त्याला." दुसऱ्या दिवशी नागेंद्रांनी नजरबादला खोली घेतली. नागेंद्र वारले तेव्हा गुंडुराव आले होते. अंगणात बसले, खांदा दिला, आणि गौराबाईंशी एक शब्द न बोलता गेले.

दार जाऊबाईंनी, इंदिराबाईंनी उघडलं.

"गौरा? अय्यो, किती भिजलीस. आत ये की."

"इथंच बरी आहे, अक्का. भावजी आहेत?"

गुंडुराव मागच्या खोलीतून आले. सत्तरीला टेकलेले, मनगटापर्यंत हात निळे, नखं तर काळीच. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं.

"काय आहे त्यात?"

"हॉस्पिटलच्या चादरी, भावजी. धुतलेल्या. तीनच्या आत वाळायला हव्यात. तुमची डालगी हवी होती, आणि शेगड्या."

कोंबड्या झाकायच्या डालग्यासारखीच, पण कमरेएवढी उंच बांबूची डालगी रंगाऱ्यांकडे असत. खाली कोळशाची शेगडी, वर पालथं डालगं, त्याच्यावर कापड पसरायचं. धूर नाही, डाग नाही, पाव तासात लुगडं वाळतं. गल्लीतले इतर रांजण बुजले तशी त्यांची डालगी बंबात गेली. गुंडुरावांची होती.

"डालगी आहेत," गुंडुराव म्हणाले. "कोळसा किती आहे ठाऊक आहे तुला?"

"नाही."

"एक पोतं. वखारीत पाणी शिरलंय. रांजणाच्या गळ्याशी तीन शेगड्या जळतायत तीन दिवस. हे पोतं त्याला पुरवून पुरवून घालतोय. गारठला की गेला तो."

"हो."

"मागे गेला तेव्हा समोरच्या तुकोजीरावाच्या रांजणातलं दोन घागरी विरजण आणून नवा लावला. आता तुकोजीरावाची पोरं हेब्बाळकडे कारखान्यात जातात. त्याच्या रांजणावर त्यानं न्हाणीघर बांधलंय. विरजण कुठनं आणू मी? दुकानातली पुडी विरघळवून?"

बोलणं खरं होतं. गौराबाई पायरीखाली तशाच उभ्या राहिल्या. वळचणीचं पाणी त्यांच्या खांद्यावर पडत होतं.

"कुणासाठी आहे?" गुंडुरावांनी विचारलं.

"कोटेची बाई आहे. बाळ आडवं आहे."

"पहिलटकरीण?"

"तिसरी खेप. आधीची दोन राहिली नाहीत."

गुंडुराव पायरी उतरून गाडीपाशी गेले. मेणकापड उचलून त्यांनी एका चादरीचं टोक अंगठ्यानं चोळून पाहिलं, जसं आयुष्यभर कापड पाहिलं होतं तसं.

"पीळ चांगला दिलाय."

"मी दिलाय तो," खंडोजीराव म्हणाले. कुणी हसलं नाही.

"आता बघत काय उभे राहिलात?" इंदिराबाई दारातून म्हणाल्या. "नजरेनं वाळणारेत का त्या?"

"तू गप्प बस, इंदिरा."

"बसते की. तुम्ही शेगडी उचला, मी बसते."

गुंडुराव आत गेले. जरा वेळानं फडक्यानं दोन्ही कान धरून त्यांनी रांजणाजवळची पेटती शेगडी पुढच्या खोलीत आणून ठेवली. तिच्यावर डालगं पालथं घातलं. मग दाराकडे न बघता म्हणाले, "गौरा, तू उंबऱ्याच्या आत येऊ नको. तिथनंच दे."

"बरं."

तशाच त्या उभ्या राहिल्या, अकरापासून अडीचपर्यंत. ओलं कापड आत द्यायचं, कोरडं बाहेर घ्यायचं, पदर लागू न देता चौपदरी घडी घालायची आणि मेणकापडात ठेवायची. जेवलीस का, असं इंदिराबाईंनी दोनदा विचारलं. दोन्हीदा गौराबाई म्हणाल्या, जेवले. खंडोजीरावांनी मात्र वळचणीखाली बसून भाकरी आणि तोंडीलावणं मागून खाल्लं आणि मीठ कमी आहे म्हणून सांगितलं.

एका शेगडीवर काम होईना. बारा वाजता गुंडुरावांनी दुसरी आणली. रांजणाभोवती त्यांनी घरातली सगळी पोती गुंडाळली, वर स्वतःची घोंगडी घातली. समोरून तुकोजीराव डबाभर कोळसा घेऊन आले. शेजारच्या दोन घरांनी सूपभर दिला. बहुतेक दमट निघाला, फुटायला लागला, आणि ठिणगी उडून कापडाला भोक पडेल म्हणून गुंडुरावांनी तो निवडून बाजूला काढला.

दीड वाजता अजून सतरा कपडे ओले होते. गौराबाई मोजत होत्या, आणि आत गुंडुरावही मोजत होते. त्यांनी मागच्या खोलीत जाऊन तिसरी शेगडी आणली. इंदिराबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते डालग्यावरची चादर सारखी करत होते.

पोतं त्यांनी उलटं करून झटकलं तेव्हा शेवटच्या चार गाउनांची वाफ निघत होती.

"झालं," ते म्हणाले. "न्या आता. सांभाळून, त्या पंपाशी खड्डा आहे."

तीनला दहा कमी असताना गाडी हॉस्पिटलात पोचली. सिस्टर वनजांनी एकेक घडी गालाला लावून पाहिली आणि ड्रममध्ये भरायला घेतली.

गौराबाई थिएटरच्या बाहेर थांबल्या नाहीत. थांबायची त्यांची जागा नव्हती आणि शेडमध्ये काम होतं. पाचच्या सुमाराला आया बादली घेऊन आली. त्याच चादरी, रक्तानं जड झालेल्या.

"मुलगी आहे," आया म्हणाली. "रडायला वेळ लावला तिनं, पण रडली. आई पण वाचली."

गौराबाईंनी चादरी थंड पाण्यात सोडल्या. पाणी लाल झालं तसं बदललं, पुन्हा बदललं. मग एक चादर घेऊन त्यांनी ती नाकाला लावली. रक्ताच्या, औषधाच्या वासाखाली कोळशाचा आणि टाकळ्याच्या बियांचा आंबूस वास अजून होता. त्यांनी साबण लावला.

ऊन पडलं ते दोन दिवसांनी. त्या दिवशी ड्यूटी संपल्यावर गौराबाई घरी न जाता रंगाऱ्यांच्या गल्लीत गेल्या. गल्लीत जिकडेतिकडे वाळवण होतं, गाद्या, पोथ्या, सतरंज्या. गुंडुरावांचं दार उघडंच होतं. त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.

"भावजी, मुलगी झाली तिला. दोघी बऱ्या आहेत. मुलीचं वजन कमी आहे, पण दूध ओढते."

"हं," आतून आवाज आला. "इंदिरानं ऐकलं होतं बाजारात. बरं झालं."

मागच्या खोलीचं दारही उघडं होतं. गुंडुराव रांजणाच्या काठाशी उकिडवे बसले होते. पोती, घोंगडी सगळं बाजूला पडलं होतं. पूर्वी या खोलीत पाऊल टाकायच्या आधी वास यायचा, तो नव्हता. दुसराच येत होता, साचलेल्या डबक्याचा. रांजणावर तांब्यासारखी चमकणारी साय असायची, ती विरून राखाडी पाणी दिसत होतं.

"काल सकाळीच कळलं," गुंडुराव म्हणाले. "गूळ घालून बघितला. चुना घातला. एक चिंधी बुडवली. बुडवली तशी पांढरीच वर आली."

गौराबाईंनी चौकटीला हात लावला, मग तो काढून घेतला.

"तुमचा रांजण मी..."

"तू काय केलंस. शेगड्या मी उचलल्या." ते काठावरचा वाळलेला फेस नखानं खरवडत राहिले. मग म्हणाले, "त्या वर्षी पण गारठाच होता, गौरा. मी लग्नाला गेलो होतो श्रीरंगपट्टणला, दोन दिवस शेगडी विझली होती. नागेंद्राच्या ध्यानात नाही आलं."

इंदिराबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं, भावजी?" गौराबाईंनी विचारलं.

"शेगडीत हात घातला तेव्हा राख थंड होती. तेव्हाच कळलं."

"मग?"

"मग काय. तोंडातनं गेलं होतं, सगळे ऐकत होते." त्यांनी मान वर केली नाही. "नागेंद्राला सांगीन सांगीन म्हणालो. राहिलं."

गल्लीत कुणीतरी गादी बडवत होतं. गौराबाईंना वाटलं होतं की कधी हे ऐकायला मिळालं तर आपण खूप बोलू. नजरबादच्या खोलीत भाकऱ्या थापताना त्यांनी ते सगळं कितीदा मनात बोलून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना. समोर एक म्हातारा माणूस होता, त्याच्या मांडीवर निळे हात होते आणि ते आता निळे राहायचं कारण उरलं नव्हतं.

गुंडुराव गुडघ्यावर जोर देऊन उठले. त्यांनी मोठं घमेलं रांजणात बुडवून भरलं आणि एका कडेनं उचलून पाहिलं. पाठ आखडली, घमेलं परत टेकलं.

"उपसायला हवं," ते म्हणाले. "आठवडाभर राहिलं तर गल्ली नाक धरून पळेल." मग दाराकडे बघून म्हणाले, "ये, तिकडची कडी धर."

गौराबाईंनी चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि त्या उंबरा ओलांडून आत गेल्या.

घमेलं जड होतं. दोघांनी ते दोन्ही बाजूंनी धरून पुढच्या खोलीतून बाहेर नेलं. समोरच्या ओट्यावर तुकोजीराव बसले होते, ते उठून उभे राहिले. पलीकडे गादी बडवणं थांबलं. कुणीतरी वाटेतली सायकल उचलून भिंतीला लावली. गल्लीतली माणसं आपापल्या दारात येऊन उभी राहिली.

"सावकाश, गौरा," गटारीशी पोचताना गुंडुराव सवयीनं म्हणाले, "सांडेल."