रणमाळावरचा गुलाबी वीर

मार्गशीर्षातली संध्याकाळ रणमाळावर उतरते ती पावलं न वाजवता. आधी पश्चिमेच्या डोंगरमाथ्यावर केशराची एक रेघ उमटते. मग ती रेघ ओघळते, उतारावर सांडते, आणि कमरेइतकं वाळलेलं कुसळी गवत काडीकाडीनं पेटत जातं. धूर नाही, ज्वाळा नाही. नुसतं सुवर्णपिंगट, मंदोष्ण, थरथरतं तेज.

त्या तेजात उभ्या असत पाच शिळा, रणात पडलेल्या कुणाकुणाच्या नावे रोवलेले पाच वीरगळ. कृष्णवर्ण, शेवाळकांती, काळानं जिभेनं चाटून चाटून गुळगुळीत केलेले. माथ्यावर कोरलेले चंद्र-सूर्य, खाली वीर, त्याखाली घोडा. आणि सगळ्यांवर ऊन, पाऊस, वारा यांचा मंद, मायाळू, न थांबणारा हात.

विशाखा टिपणीस वर्षभर या एका संध्याकाळची वाट पाहत असे.

दर मार्गशीर्षात ती पुण्याहून येई. माळाच्या कडेच्या त्याच कातळावर ट्रायपॉडचे पाय रोवी, त्याच उंचीवर, त्याच दिशेला कॅमेऱ्याचा डोळा लावी, आणि सूर्य डोंगराला टेकता टेकता एकच चित्र घेई. एकच. माळ तोच, शिळा त्याच, ऊन तेच. आणि तरी दरवर्षी काहीतरी ओसरलेलं. एका साली घोड्याचा कान गेला. एका साली तलवारीचं टोक. एका साली मधल्या वीराच्या चेहऱ्यावर उरलंसुरलं नाक होतं, तेही वाऱ्यानं नेलं.

इथे कधीकाळी कुठल्या तरी दोन राजांचं घनघोर युद्ध झालं. कोणते राजे आणि कशापायी, हे ना माळाखालच्या वाडीला ठाऊक, ना पंडितांना. रक्ताची माती झाली, मातीचं गवत झालं, गवताचं सोनं झालं. युद्धाला काळ कसा हळुवार विझवत नेतो, हेच तिच्या चित्रमालेचं सूत्र. यंदाचं चित्र शेवटचं, त्यानंतर पुस्तक. प्रकाशकानं एक पान कोरं ठेवलं होतं. नवरा म्हणालाच होता, एकदाचं तुझं हे दगडांचं लग्न लागू दे, म्हणजे मी मोकळा.

यंदाही वाटेचं शेवटचं वळण संपलं. माळ समोर आला. आणि विशाखाचे पाय जागच्या जागी रुतले.

गवत नव्हतं. काडीसुद्धा नव्हती. जेसीबीनं माळ खरवडून खरवडून उघडा केलेला. तांबडी, लाजरी, वस्त्र हरवलेली माती संध्याप्रकाशात अंग चोरून पडली होती. मध्यभागी नवाकोरा चौथरा. चौथऱ्याला न्हाणीघराच्या आकाशी फरशा, आणि फरशीफरशीवर एकेक लाल गुलाब. भोवती स्टीलचं रेलिंग, इतकं लखलखतं की त्यात पाच-पाच सूर्य मावळत होते.

आणि वीर? वीर ऑइलपेंटमध्ये न्हाऊन निघाले होते. रुपेरी तलवारी, दूधपांढरे घोडे, हळदपिवळी धोतरं. अंगं गुलाबी. बर्फाच्या गोळ्यावर ओततात तसली गुलाबी. मधल्या वीराला तर तोंडही आलं होतं, टपोरे डोळे, कमानदार भिवया, आणि मिशी. मिशी एवढी थोरली, की ती गालांवरून ओसंडून शिळेच्या कडेला जाऊन टेकली होती.

तिनं कॅमेऱ्यातून पाहिलं. न जाणो, कॅमेरा तरी खोटं बोलेल. तो बोलला नाही.

निवृत्त सुभेदार हणमंत शेडगे कडक इस्त्रीच्या शर्टात पुढे आले. दरवर्षी तिच्या चहापाण्याचं तेच पाहत. आज त्यांच्या चेहऱ्यावर परेडच्या दिवसाचं तेज होतं. तुमच्या यायच्या आत झालं पाहिजे म्हणून अख्खी वाडी राबली, म्हणाले. बायका माती वाहत होत्या, सुट्टीवर आलेले जवान सिमेंट कालवत होते.

"बघा मॅडम. आता फोटो काढायजोगं झालं."

गेल्या वर्षी तिनं हौसेनं शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर लावून सगळी चित्रं वाडीला दाखवली होती. पाहताना वाडी गप्प झाली होती. त्या शांततेला विशाखा तेव्हा भारावणं समजली. ती होती लाज.

कारण ही वाडी घरटी एक वर्दी असलेली. इथला जवान रजा संपवून सरहद्दीवर निघाला की आधी या शिळांपाशी येतो, नारळ वाढवतो, इथली माती कपाळाला लावतो, मग एसटीत चढतो. आणि त्यांच्या या वीरांना शेवाळ चढलेलं, नाकं झडलेली, काटेरी झुडपं अंगावर आलेली, हे सगळं मॅडमनी पुण्या-मुंबईला नेऊन दाखवलं. चादरीवरचं तिचं सोनेरी कारुण्य वाडीला दिसलंच नाही. वाडीला दिसली आपली हयगय.

सुभेदार हे सगळं अभिमानानं सांगत होते, आणि विशाखाच्या कानशिलांत रक्त ठणकत होतं. मग ती बोलली. नको ते बोलली. शेकडो वर्षं जे काळानं घडवलं ते तुम्ही आठवड्यात मारून टाकलंत म्हणाली, हा काय वरातीचा घोडा आहे का म्हणाली, मला विचारायचं तरी होतं म्हणाली. आवाज चिरकला, तशी स्वतःवरच अधिक संतापली. सुभेदारांच्या चेहऱ्यावरची परेड विसर्जित झाली.

सूर्य डोंगरापासून हातभर वर होता. हातभर ऊन, आणि एक कोरं पान.

तिनं मनातल्या मनात चौकट आवळली. रेलिंग टाळता येईल, फरशा कापता येतील, नुसता मधला वीर घेतला तर? नुसता चेहरा? तिनं विचारलं, हा रंग निघतो का. टर्पेंटाइननं घासला तर निघेल, सुभेदार जमिनीकडे बघत म्हणाले.

"मग निदान मधल्याचं तोंड तरी पुसून द्या."

माणसं पायांशी काहीतरी शोधू लागली. मग चौथऱ्याच्या कडेला बसलेली एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली, तानूबाई, सुभेदारांच्या चुलत घरातली. तिनं डब्यातलं टर्पेंटाइन फडक्यावर ओतलं आणि मधल्या वीराचा डावा गाल चोळायला घेतला. ना कपाळाला आठी, ना ओठाला मुरड. पाहुण्या बाईनं मागितलं, ते द्यायचं, एवढंच.

विशाखानं सुस्कारा टाकून कॅमेऱ्याला डोळा लावला. भिंगातून तो सुरकुतलेला, हिरव्या बांगड्यांवाचूनचा हात दिसत होता. गुलाबी ओघळत होतं, काळं विरघळत होतं, गुलाबीत काळं मिसळून जांभळं होत होतं. अर्धी मिशी गेली. एक भिवई गेली. एक डोळा गेला. खाली नितळ, नाकडोळे नसलेला, निर्विकार दगड. अगदी तिला हवा होता तसा.

सुभेदार शेजारी येऊन हलक्या आवाजात म्हणाले, रंगाऱ्यानं हे एक तोंड कोरंच सोडलं होतं. खाली नाकडोळेच उरले नव्हते, गिरवणार काय? तर म्हातारीनं ब्रश मागून घेतला.

"तिच्या मालकांचं तोंड काढलंय तिनं. एकाहत्तरच्या लढाईत गेले. तार आली, ते न्हाईत आले."

कॅमेरा तसाच सोडून विशाखा धावली. रेलिंगला तिचा गुडघा सणकून आदळला. तिनं त्या रेलिंगला शिवी दिली आणि तानूबाईचं मनगट धरलं.

"काकू, राहू द्या."

"ऱ्हाऊ द्या कशाला? झालंच की. तुमास्नी पाहिजे तसं लख्ख करून देते."

"घरी फोटो नाही का त्यांचा?"

"हुता एक. पत्रा गळला, भिजला." तानूबाईनं फडकं पिळलं. "मानूस निघून गेला, कागद ऱ्हायला." मग उरलेल्या अर्ध्या मिशीकडे मान तिरकी करून पाहत म्हणाली, "जरा थोरलीच झाली व्हय? पण ते तशीच ठेवायचे. मामंजी लई चिडायचे."

कान कसा होता ते आधी गेलं असेल. मग हनुवटी. मग हसताना गालाला काय व्हायचं ते. वर्षामागून वर्ष, ऊन-पाऊस-वाऱ्याविना, एका बाईच्या मिटल्या डोळ्यांआड एक चेहरा झिजत आला असेल; तोच मंद, तोच मायाळू, तोच न थांबणारा हात. शेवटी हाताशी उरली एक मिशी. ती तिनं या माळावर आणून, ऑइलपेंटात बुडवून, काळाच्या तोंडावर मारली होती.

राग गेला नव्हता विशाखाचा. फक्त तो कुणावर धरावा, हे कळेना.

सूर्य डोंगराला टेकला. हीच ती घटका. सवयीनं ती कातळावर परतली, सवयीनं डोळा लावला. चौकटीत अर्धा चेहरा, अर्धा दगड. एक डोळा उघडा, एक नाहीच. पेटलेलं रेलिंग, फरशीवरचे निर्लज्ज गुलाब, आणि फडकं धरून संकोचून बाजूला सरकलेली म्हातारी. आपल्यामुळे फोटो बिघडू नये म्हणून सरकलेली. बोट बटणावर होतं. केशर विटलं, तांबूस झालं, राखी झालं. बोट बटणावरच राहिलं.

सूर्य गेला. या वर्षीचं चित्र गेलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते निव्वळ चरफडीचं होतं. तिनं ते कुणाला दिसायच्या आत मनगटानं पुसलं आणि ट्रायपॉड मिटला.

माणसं पांगली. सुभेदार चहा टाकायला सांगतो म्हणून गेले. चौथऱ्यावर तानूबाई एकटी, हातात ब्रश, डोळे बारीक.

"बाई, डोळा कुनीकडं हुता ओ? दिसंना झालंय."

विशाखा लंगडत चौथरा चढली. मोबाइलचा दिवा लावून तिनं शिळेवर धरला. वर धरा, म्हातारी म्हणाली. जरा खाली. हात हलवू नका. जन्मभर उजेडाला हुकूम सोडणारी ती बाई मुकाट्यानं हुकूम पाळत राहिली. फक्त एकदा न राहवून म्हणाली,

"मिशी या बाजूनं थोडी आवरा, काकू."

"ऱ्हाऊ द्या. त्यांनी कधी आवरली न्हाई."

गवत नसलेल्या माळावर वाऱ्याला गाणं उरलं नव्हतं. तो नुसताच येत होता, जात होता. चांदण्या एकेक उमटत होत्या. म्हातारीच्या हाताखाली आधी भिवई आली, मग पापणी, मग बुबुळ. आणि काळ्याभोर रणमाळाच्या मध्यावर, तळहाताएवढ्या त्या उजेडात, एक गुलाबी गाल ओला, ओला, ओलाच चमकत राहिला.