अर्धा युनिट मागे

"दुपारचा डोस तुम्ही घेतच नाही म्हणता, मग घेतं कोण काका?" नर्सने पंपाच्या नोंदींचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

त्याने चष्मा वर केला. उभा जन्म दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात गेलेला हा माणूस. दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. पण कागद स्वच्छ सांगत होता. रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी जेवणाआधीचं इन्सुलिन गेलेलं.

पंप लावून चौदा महिने झाले होते. बायको गेली आणि त्याच्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दहाच्या वर चढली, तेव्हा मुलीने हट्टाने तो पंप त्याच्या कमरेला अडकवला. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, की थेंबथेंब औषध पंप आपलं आपण देईल, पण जेवणाआधीचं बटण तुम्हालाच दाबावं लागेल. लोक सहा महिने नेमाने दाबतात, मग दुपारचं विसरतात आणि आकडा पुन्हा वर जातो. याचा गेला नाही. आधी साडेसात, मग सात. डॉक्टर खूश, मुलगी खूश. आणि या बाबाला दुपारी बटण दाबल्याचं एकदाही आठवत नव्हतं. हात तेलाने बरबटलेले, डोकं काट्यात; डबा उघडायची शुद्ध राहायची तीच नशिबाची.

"सवयीने दाबत असाल," नर्स म्हणाली. "पण पंप सुचवतो त्यापेक्षा रोज अर्धा युनिट कमी का घेता?"

त्याने कागद डोळ्यांजवळ नेला.

सव्वीस वर्षं त्याला सुई बायकोनेच टोचली होती. ती दुकानातच असायची, सीलच्या तारा वळायची, डावखुरी. एकच्या सुमारास त्याच्या पोटावर डाव्या अंगाला दोन बोटं टेकवायची आणि डॉक्टरांनी सांगितलेल्यातला अर्धा युनिट मागे ठेवून बाकीचं टोचायची. त्यावरून दोघांची कितीदा तरी जुंपली. ती ऐकेल तर शपथ. "शिडीवर चढता तुम्ही," म्हणायची. "अर्धा मागे असू दे."

दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या धंद्याची रीत चालवली. दुरुस्त केलेला काटा कुणी परस्पर उघडू नये म्हणून तो त्यात तार ओवून शिशाचं सील ठोकत असे. तसंच पंप कातडी पाकिटात घातला, तार ओवली, उजवीकडे तीन पीळ दिले आणि सील दाबलं. सील तुटलं तर एक विसराळू म्हातारा पकडला जाईल, संपलं. दीड वाजता पाहिलं तर सील शाबूत होतं. तार डावीकडे पिळलेली होती. आणि पंपाच्या नोंदीत एक वाजून दहाचा डोस होता, अर्धा कमी.

मुलीला सांगितलं तर तिचा चेहरा पडला. ती त्याच्या शेजारी बसली, त्याचा हात हातात घेतला. "बाबा, आई येत नाही. भान नसताना डोस घेताय तुम्ही. एखाद्या दिवशी दोनदा गेला तर दुकानातच कोसळाल, आणि मला कळणारही नाही." मग तिने पंपाला कुलूप लावलं. चार आकड्यांचा कोड घातल्याशिवाय डोस जाणार नाही. आकडे कुठले ठेवू, तिने विचारलं.

त्याने बराच विचार केला. लग्नाची तारीख बायकोला पाठ, लेकीच्या जन्माची पाठ. तिला ठाऊक असणं शक्यच नव्हतं अशी तारीख एकच होती. ती गेली तो दिवस. त्याने तीच सांगितली. मुलीने ती घातली.

पहिल्याच दुपारी नोंद आली: चुकीचा कोड. तीन वेळा. दुसऱ्या दिवशीही तीन वेळा. अकरा दिवस हेच चाललं, आणि अकरा दिवस त्याची साखर दुपारी तीनशेवर जात राहिली. बटण दाबायचं कळत होतं, पण हात पुढे होईना. आपण दाबलं तर तिचं काम संपलं, असं त्याला वाटत होतं.

बाराव्या दिवशी त्याने हात साबणाने धुतले आणि पंप तळहातावर घेऊन बसला. एक वाजून दहा. पोटावर डाव्या अंगाला दोन बोटं टेकली, गार. पडद्यावर एकामागून एक चार ठिपके उमटले. चुकीचा कोड. पुन्हा चार ठिपके. चुकीचा कोड.

आकडे नुसते मोठ्याने म्हणायचे होते. जिभेवर आलेच होते. पण ती तारीख तिला कुठल्या तोंडाने सांगायची?

"अगं," तो म्हणाला. पुढे बोलवेना.

थोड्या वेळाने बोटं उचलली गेली. मग त्याने स्वतः कोड घातला. पंपाने पाच युनिट सुचवले. त्याने साडेचार दिले आणि डबा उघडला.

तीन महिन्यांनी आकडा सात पूर्णांक एक आला. "म्हणजे तुम्हीच दाबत होतात की नाही?" नर्स हसून म्हणाली.

"हो, मीच," तो म्हणाला.

दवाखान्याच्या बाकावर बसून त्याने नोंदींचा कागद बोटाने ओळ न् ओळ तपासला, पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा. बाराव्या दिवसानंतर चुकीचा कोड कुठेच नव्हता.