थोरलीचं ऊन

टॉवर उभा करताना कुणी थोरलीला विचारलं नाही, की बाई, तुझं ऊन घेऊ का? जमीन मोजली, झाडं मोजली. ऊन कुणाच्या बापाचं नव्हतं, म्हणून ते फुकटात उचललं.

थोरली लोकांची धुणी धुवायची. गल्लीपलीकडे माडीवर राहणारी तिची धाकटी जाऊ त्याच कपड्यांना इस्त्री करायची. दोघींचे नवरे गेले, पण धंदा आणि भांडण दोन्ही त्यांनी नेटानं चालू ठेवलं होतं. थोरलीच्या अंगणात सकाळचंच काय ते ऊन यायचं. टॉवरनं नेमकं तेवढंच अडवलं. कपडे वाळेनात. इस्त्री फिरली की कुबट वास उठायचा आणि गिऱ्हाईक नाक मुरडायचं. टॉवरातली नवी माणसं ढीगभर धुणी द्यायला तयार होती, ती वाळवायची कुठं?

थोरलीचा भाऊ म्हणाला, शहराच्या टोकाला माझ्याकडे ये, तिथं ऊनच ऊन आहे. ऊन होतं, गिऱ्हाईक नव्हतं. तरी थोरलीनं मान डोलावली. धाकटीनं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, की जाणाऱ्याला कोण धरणार. थोरलीला ते झोंबलं. थांब म्हणाली असती तर जीभ झडली असती का हिची?

भाऊ टेम्पो घेऊन आला त्या दुपारी ती निरोप घ्यायला माडी चढली. खोलीत अंधार. खिडकीवर जाड चादर टांगलेली, आणि धाकटी तिच्याकडे पाठ करून इस्त्री करत होती. वळली तेव्हा डोळे लाल. थोरलीनं विचारलं, तर म्हणाली, दुपारी टॉवरच्या काचा पेटतात आणि मेला सगळा झोत माझ्याच खिडकीत शिरतो, डोळे फुटायची पाळी आलीय. रडले म्हणणारी ती बाईच नव्हे.

कपडा दिसला की तो वाळलाय का ते चाचपायचं, ही थोरलीची खोड. हात आपसूक चादरीकडे गेला. चादर कोरडी, कडक, गरम.

"ही कधी धुतलीस?"

"मघाशी, जेवण झाल्यावर. ओलीच टांगते, तेवढीच खोली गार."

थोरलीनं चादरीची कड उचलली, तसा काचांचा झोत तिच्या तोंडावर आला.

"भवाने, माझं ऊन तुझ्या दारात येऊन उभं आहे, आणि तू त्याला पडदा लावून बसलीस?"

"त्याच्यावर तुझं नाव होतं होय?"

धाकटीनं चादर ओढून काढली. खोलीभर ऊन सांडलं. मग खिडकीतून डोकं काढून तिनं खाली उभ्या असलेल्या थोरलीच्या भावाला टेम्पोतले टब उतरवायला फर्मावलं. तो बिचारा आ वासून बघत राहिला.

"इथं वाळत घाल, पण पाणी गळलं तर पुसायचं तू," ती थोरलीला म्हणाली. "आणि जाते म्हणून पुन्हा बोलायचं नाही."

"काचांचा काय भरवसा? उद्या दुसरा टॉवर आला म्हणजे?"

"मग जाऊन भांडू. तेवढं तरी दोघींना चांगलं येतं."