खोट्या वर्दीचा नियम

कर्तव्य बजावताना ज्यांनी देह ठेवला, त्यांच्या लेकरांना समाज कधीही विसरत नाही. हे वाक्य गिरगावातल्या 'कर्तव्यदक्ष दिवंगत पोलीस व अग्निशामक कुटुंबीय उच्चशिक्षण साहाय्यक मंडळा'च्या घटनेत पहिल्याच पानावर जाड टाकाने लिहिलेलं होतं. समाजाला ही आठवण झाली ती सत्तावन्न सालच्या गणपतीनंतर. वर्गणीतून थोडी रक्कम उरली होती. ती पुढच्या वर्षीच्या मखरासाठी ठेवावी, तर खजिनदारावर कुणाचा विश्वास नव्हता. सत्यनारायण घालावा, तर तो श्रावणातच घालून झाला होता. तेव्हा कुणीतरी म्हणालं, पोलिसांच्या पोरांना कॉलेजची फी देऊ. दुसरं कुणीतरी म्हणालं, अरे, छप्पनच्या जानेवारीत ह्याच पोलिसांनी आपल्यावर गोळ्या झाडल्या ना? बऱ्याच चर्चेअंती असं ठरलं की गोळ्या झाडणारे वेगळे आणि दिवंगत झालेले वेगळे. शिवाय सोबत बंबवालेही घ्यावेत. त्यांच्यावर कुणाचाच राग नसल्यामुळे एकूण राग निम्म्यावर येतो.

मंडळाचे चिटणीस झाले कमलाकांतराव धैर्यवान. एका विमा कंपनीत ते हेडक्लार्क होते आणि त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. आडनाव पिढीजात होतं, त्यांनी निवडून घेतलेलं नव्हतं.

घटनेचे नियम करायला पहिली बैठक बसली, तेव्हा अध्यक्ष मनमोहनराव विजयकर, म्हणजे चाळीस वर्षं सॉलिसिटरी करून निवृत्त झालेले आणि त्यामुळे अजून एकही गोष्ट सरळ न मानणारे गृहस्थ, यांनी एक मुद्दा काढला.

"समजा, आगीची वर्दी खोटी आहे. आगच नाही. आणि बंबवाला वाटेत गेला. मग?"

"मग काय?" उदबत्त्यांच्या दुकानाचे मालक बाबुराव म्हणाले, "मेला तो खराच मेला ना हो? फी देऊन टाकायची."

सगळ्यांनी माना हलवल्या. प्रश्न तिथंच मिटायचा. पण कमलाकांतराव उठून उभे राहिले. बैठकीत ते कधी उभे राहत नसत.

"मुळीच नाही!" ते म्हणाले. "खोट्या वर्दीला ह्या मंडळात थारा नको. खोटी वर्दी देणारा समाजाचा शत्रू आहे!"

"अहो, पण आपण देणाऱ्याला कुठं फी देतोय? मेलेल्याच्या मुलांना—"

"एकदा खोटी ती खोटी!"

मनमोहनरावांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "धैर्यवान, एवढे तापता का?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्वाचा नव्हता. छत्रीचा होता.

कमलाकांतराव बारा महिने छत्री बाळगत. छप्पनच्या जानेवारीत मुंबई पेटली तेव्हाही ती त्यांच्या हातात होती. वाडीतल्या प्रत्येकाच्या खात्यावर संयुक्त महाराष्ट्रासाठी काही ना काही जमा झालं होतं. मेहुणे जयवंत दोन दिवस लॉकअपमध्ये बसून आले होते. शेजारचे नाना पाठीवरचा लाठीचा वळ येणाऱ्याजाणाऱ्याला सदरा वर करून दाखवत. खुद्द उर्मिलाबाईंनी अश्रुधुराने डोळे सुजलेल्या पोरांना ओले रुमाल पुरवले होते. कमलाकांतरावांच्या खात्यावर एवढंच होतं, की ऑफिस बंद असल्यामुळे त्यांनी तीन दिवस दुपारी झोप घेतली.

चौथ्या दिवशी दुपारी ते तपकीर आणायला म्हणून बाहेर पडले आणि नाक्यावर एका पळत्या घोळक्यात सापडले. "फोडा! फोडा!" असं कुणीतरी ओरडलं. काय फोडायचं ते त्याने सांगितलं नाही. कमलाकांतरावांच्या पुढ्यात आगीची वर्दी देण्याचा तांबडा खांब होता: वर लोखंडी पेटी, पेटीला काच, काचेआड मूठ. आयुष्यात प्रथमच त्यांना वाटलं, आपण इतिहासात उभे आहोत. त्यांनी छत्रीच्या मुठीने काच फोडली, आत हात घालून ती मूठ खेचली आणि "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" असं, कुणाला त्रास होणार नाही इतक्या आवाजात, म्हटलं.

घोळका तोवर पुढे गेला होता. पाच मिनिटांनी लांबून बंबाची घंटा ऐकू आली. इतिहास संपला. कमलाकांतराव वाडीत पळाले आणि सामायिक संडासात तासभर कडी लावून बसले.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आठ ओळी होत्या. रस्त्यावर लोकांनी रचलेल्या दगडांवरून बंब वळणावर उलटला. लालबागचा गुणाजी नावाचा बंबवाला जागीच ठार झाला. मागाहून दुसरा बंब पोचला, तेव्हा आग आढळली नाही.

तेव्हापासून बंबाची घंटा वाजली की कमलाकांतरावांच्या हातातला घास ताटात परत जाई. उर्मिलाबाई म्हणत, पित्त आहे, आणि सुंठसाखर देत. मंडळाचं चिटणीसपद त्यांनी घेतलं ते ह्याच पित्तासाठी. आणि तिथे पहिल्याच दिवशी, आपल्याला कुणी खोट्या वर्दीचा कैवारी समजू नये ह्या भीतीने, त्यांनी आपल्याच मोत्यांसारख्या अक्षरात नियम सातवा लिहून टाकला: वर्दी खोटी असल्यास साहाय्य मिळणार नाही. पाप धुवायला गंगेवर गेले आणि घाटाला कुलूप लावून आले.

दोन वर्षं कुलुपाची कुणाला आठवण झाली नाही. एकोणसाठच्या जून महिन्यात एका सकाळी दारात दोघीजणी उभ्या राहिल्या. एक पन्नाशीकडे झुकलेली, नऊवारीतली. दुसरी सतरा वर्षांची, हातात कागदांची गुंडाळी.

"शेक्रेटरी सायेब हंयच रवतत?" बाईंनी विचारलं. "मी मीराबाई. लालबागसून इलंय. बंबवाल्या गुणाजीची बायको."

कमलाकांतरावांनी दाराची चौकट धरली. उर्मिलाबाईंनी आतून विचारलं, "अहो, कोण आहे?"

मुलीचं नाव सुभद्रा. ती एस.एस.सी.ला साठ टक्के मिळवून पास झाली होती. चाळीत त्याआधी कुठल्याही मुलीने ती परीक्षा दिलीच नव्हती. तिला कॉलेजात जायचं होतं. पेन्शनीत घर चालत होतं, कॉलेज चालणार नव्हतं. काका दत्ताराम गिरणीत होते. त्यांनी सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. वीस तारखेला कॉलेजचे प्रवेश बंद व्हायचे होते आणि एकवीस तारखेपासून काका तिला गिरणीत नेणार होते.

कमलाकांतरावांनी अर्ज घेतला. छापील रकान्यातला प्रश्न विचारणं त्यांना भागच होतं, कारण तो रकाना त्यांनीच छापून घेतला होता.

"त्या दिवशी... म्हणजे... आग खरी होती का?"

मीराबाई म्हणाल्या,

"माका काय म्हायत? घंटा वाजली, ते गेले. जेवान अर्धा टाकून गेले. घंटा वाजल्यार कोण इचारता काय, आग खरी की खोटी?"

ह्यावर नियम सातव्यात काही तरतूद नव्हती.

"असं करूया," कमलाकांतराव घाईघाईने म्हणाले. "मंडळाचं लांबण लागतं. फी मीच भरतो. चारही वर्षांची. कुणाला कळायची गरज नाही."

मीराबाईंचा चेहरा उजळला. पण सुभद्राने अर्ज परत पुढे सरकवला.

"तुम्ही का भरायची? तुमचा काय संबंध?"

"गे, सायेब चांगल्या मनान—"

"थांब गे आई. साहेब, धर्मादाय घ्यायचा तर चाळीतही मिळाला असता. काका उठता बसता म्हणतात, तुझा बापूस फुकट मेला, आग नाय काय नाय. मला फी बाबांच्या नावावर हवी. कागदावर. नाहीतर वाइंडिंग आहेच, त्यात काय लाज नाही."

त्या गेल्या. उर्मिलाबाईंनी कपबशा उचलताना विचारलं, "कुणाला कळायची गरज नाही म्हणजे? मलासुद्धा?" आणि सुंठसाखर पुढे केली.

बैठक चौदा तारखेला, रविवारी होती. पाच दिवस कमलाकांतराव हिशेब मांडत होते आणि तो कुठूनही सुटत नव्हता. खरं सांगावं, की काच मी फोडली आणि आग नव्हती, तर नियम सातव्याने मुलगी गिरणीत जाते. बाप फुकट मेला हे वर चिटणिसाच्या सहीने सिद्ध होतं. गप्प बसावं, तरी पेपरातल्या आठ ओळी आहेतच. उरलं खोटं बोलणं. ज्या माणसाने एका खोट्या वर्दीने बाप मारला, त्याने दुसरी खोटी वर्दी देऊन मुलगी वाचवायची होती. सत्य बोलण्याची सोयच राहिली नव्हती. सत्य बोलणं हा आता शुद्ध दुष्टपणा झाला होता.

बैठकीत मनमोहनरावांनी पेपरचं कात्रण वाचून दाखवलं. "'आग आढळली नाही.' वाईट वाटतं. पण नियम सातवा स्पष्ट आहे, आणि धैर्यवानांच्याच आग्रहाने केलेला आहे. धैर्यवान, नामंजूर लिहा."

कमलाकांतरावांनी टाक उचलला आणि खाली ठेवला.

"आग होती," ते म्हणाले.

"काय?"

"आग होती. मी पाहिली. नाक्यावरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत... गोधडी पेटली होती. पेटीची काच मीच फोडली. छत्रीने."

कमलाकांतरावांना वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, कुठली गोधडी? मग आपण सगळंच सांगून टाकू. एका परीने त्यांना बरंही वाटलं. तेवढ्यात बाबुराव मांडीवर थाप मारून म्हणाले,

"बरोब्बर! गोधडीच! अहो, मी दुकानातून धूर पाहिला होता. हिला म्हटलंसुद्धा, काहीतरी जळतंय."

"फक्त गोधडी नव्हती हो," खजिनदार म्हणाले. खजिनदाराला इतके दिवस कुणी बोलूच देत नसे. "गॅलरीचा कठडा धरला होता आगीने. मी स्वतः दोन बादल्या ओतल्या."

"मग दुसरा बंब आला तेव्हा आग कशी असेल? यांनी विझवली ना!" बाबुरावांनी कायदेशीर अडचणही सोडवून टाकली.

चहा येईपर्यंत आग तिसऱ्या मजल्यावर चढली होती आणि एक म्हातारी झोळीत घालून उतरवण्यात आली होती. मनमोहनराव सॉलिसिटर होते, साक्षीदारांचा त्यांना अनुभव होता. पण पाच साक्षीदार एकमेकांना दुजोरा देताहेत असं त्यांनी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. ते हेलावले.

"धैर्यवान, साडेतीन वर्षं तुम्ही एक शब्द बोलला नाहीत?"

"नाही."

"केवढा हा विनय!"

अर्ज मंजूर झाला. 'पित्याच्या कर्तव्यनिष्ठ मृत्यूच्या स्मरणार्थ' असं मंजुरीपत्रात कमलाकांतरावांनी आपल्या हाताने लिहिलं. त्याखालीच दुसरा ठराव लिहायला लागला: जागरूक नागरिक श्री. धैर्यवान यांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार करण्यात यावा. तो लिहिताना त्यांच्या अक्षराने प्रथमच ओळ सोडली.

सत्कार महिनाअखेर झाला. वीस तारखेच्या आत सुभद्राचं नाव कॉलेजात लागलं होतं. काकांनी मंजुरीपत्र चाळीत चार जणांकडून वाचून घेतलं आणि मग फुकट हा शब्द पुन्हा काढला नाही. ती नवी चप्पल घालून आली होती. तिने वाकून कमलाकांतरावांच्या पायांना हात लावला, तेव्हा ते पाय मागे घेऊ लागले आणि खुर्चीसकट थोडे सरकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मीराबाई म्हणाल्या, "तुमी काच फोडलात म्हणान बरा. नायतर लोक म्हणाक लागले होते, हेंका कोणी उगीच बोलवल्यान."

कमलाकांतरावांनी नारळ घट्ट धरला.

घरी उर्मिलाबाईंनी शाल घडी घालून ट्रंकेत ठेवली. "एवढी आग पाहिलीत, म्हातारी खाली उतरवलीत—"

"म्हातारी मी नाही उतरवली."

"—आणि मला म्हणालात तपकीर मिळाली नाही. जयवंत इतकी वर्षं लॉकअपचं सांगून डोकं खातो. आता येऊ दे त्याला." तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या नवऱ्याकडे अभिमानाने बघत होत्या, आणि कमलाकांतरावांना जे सांगायचं होतं ते सांगायची वेळ त्याच क्षणी कायमची निघून गेली.

फाइल मात्र पुरी व्हायची होती. मनमोहनरावांचं म्हणणं, साक्षी तोंडी आहेत, बंबखान्याच्या नोंदीचा उतारा जोडलेला बरा. उद्या दुसरा कुणी शंका काढील. चिटणीस म्हणून पत्र कमलाकांतरावांनाच लिहावं लागलं. लिहिलं, आणि उत्तराची वाट बघत पाच महिने रोज टपाल येण्याच्या वेळी ते अंगणात उभे राहिले. नोंदीत काय असणार ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, पत्र फाडून टाकायचं. मुलीचं पहिलं वर्ष तरी पुरं होईल.

उत्तर दिवाळीनंतर आलं. इंग्रजीत, टाइप केलेलं, अर्ध्या पानाचं. कमलाकांतरावांनी ते जिन्यातच उभ्याउभ्या वाचलं. कळवण्यात येतं की, सदर दिवशी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी वर्दी टेलिफोनवरून आली होती. भुलेश्वरच्या बाजूला एका फरसाणवाल्याच्या दुकानात कढईने पेट घेतला होता. दुकानातल्या माणसांनी वाळू टाकून आग विझवली, म्हणून दुसऱ्या बंबाला ती आढळली नाही. मयत गुणाजी हा ह्याच वर्दीवर निघाला होता. आपण उल्लेख केलेल्या नाक्यावरून त्या दिवशी कोणतीही वर्दी आलेली नाही. तेथील पेटी सन चोपन्नमध्ये पलीकडच्या चौकात हलवण्यात आली असून जुन्या खांबाला तार जोडलेली नाही.