सौ. काउंटेस

ऑस्ट्रेलियातल्या वेरिबीच्या आमच्या मराठी मंडळाची दिवाळीची पत्रिका हातात पडली तेव्हा कळलं की यतिनला दोन बायका आहेत. एक सावनी, सुगम गायन. दुसरी मी, एकपात्री.

माझा आणि यतिनचा घटस्फोट होऊन दीड वर्ष झालं. कोर्टाला तो मान्य आहे, यतिनला मान्य आहे, सावनीला तर फारच मान्य आहे. फक्त पत्रिका छापणाऱ्या मुरलीधरकाकांना नव्हता. पत्रिकेत मी 'सौ. चारुता यतिन बापट' होते.

आणि एकपात्री कशावर? आदेलाईद नावाच्या अठराव्या शतकातल्या फ्रेंच काउंटेसवर. बाई मीच रचलेली. पंधराव्या वर्षी लग्न. पत्रांखाली माहेरचं नाव लिहिते म्हणून नवऱ्याने अकरा वर्षं मठात कोंडलं, सुटल्यावर वीस वर्षं कोर्टात भांडली. कशासाठी? स्वतःच्या नावाने सही करता यावी म्हणून. नाटक एवढंच.

तिच्या नावामागेही काकांनी 'सौ.' लावलं होतं. मी फोन केला.

"काका, मी फॉर्मवर चारुता रेगे लिहिलं होतं."

"हो गं, पण एक्सेलमध्ये बायकांना सौ. आपोआप लागतं. नवऱ्याचं नाव यादीतून येतं. फॅमिली मेंबरशिप आहे ना तुमची?"

"फॅमिलीच राहिली नाही, काका."

"पण मेंबरशिप जूनपर्यंत आहे."

बरं. लग्न मोडलं, पण मुदत शिल्लक होती.

"आणि काउंटेसला सौ. कशाला?"

"तिचे मिस्टर असतात?"

"काका, अडीचशे वर्षं झाली!"

"ते झालंच. पण आधी कोण गेलं?"

"तो."

"अरेरे." काका मनापासून हळहळले. "मग गंगाभागीरथी लावावं लागेल. दिवाळीत बरं दिसत नाही. सौ.च राहू दे. आणि तुझं नाव माइकवर बरोबर सांगायला लावतो. नो वरीज."

नो वरीज म्हणजे काय ते मला दिवाळीच्या कार्यक्रमात कळलं. काउंटेसचा रुंद घेर दिसावा म्हणून कमरेला दोन्ही बाजूंनी लाँड्री बास्केट बांधून, वर घागरा चढवून मी विंगेत उभी होते. निवेदन करणाऱ्या रेखाकाकू माइकवर गरजल्या, "आणि आता, सौ. चारुता यतिन बापट!"

टाळ्या. मी हलले नाही. काकूंना वाटलं, ऐकू गेलं नाही. त्यांनी तेच पुन्हा, आणखी जोरात सांगितलं.

काका धावत आले. "अगं, जा ना!"

"बापटांची बायको बोलावलीय. ती तिसऱ्या रांगेत बसलीय, तिला पाठवा!"

हे हॉलभर ऐकू गेलं. सावनी उभी राहिली. मला वाटलं आता रडणार.

"काकू, बापट मी आहे," ती ठणकावून म्हणाली. "आणि मला एकपात्री येत नाही."

यतिन पत्रिका वाचत होता. इतकं मन लावून त्याने घटस्फोटाचे कागदही वाचले नव्हते.

काकू गडबडल्या. "श्रीमती चारुता..."

"नाही!" मी विंगेतून ओरडले.

"कुमारी?"

"काकू, मी चौतीस वर्षांची आहे!"

"मग लावू तरी काय गं आधी?"

"काही लावू नका!"

अनवाणी रस्त्यावर उतरावं तसं सांभाळत काकू म्हणाल्या, "चारुता रेगे."

मी निघाले, तर काकांनी घड्याळ पुढे केलं. "तुझी आठ मिनिटं पहिल्या अनाउन्समेंटलाच सुरू झाली. तीन उरलीत. पुढे बालगोपाळांचा डान्स आहे. काय गाळायचं ते गाळ."

मी नवरा गाळला.

नवरा गेल्यावर मठाची गरज उरली नाही, कोर्टाचीही नाही. बाईची एकतीस वर्षं वाचली. अडीच मिनिटांत काउंटेस जन्मली, वाढली, मनासारखी जगली. उरलेलं अर्धं मिनिट मी टेबलाशी उभी राहून तिच्या नावाने सह्या करत होते, इतक्या दाबून की कागद फाटला, आणि मग टेबलावरच केल्या.